सुटेल अशी गाठ

आमच्या घरात कात्री सापडली नाही की सगळं ठप्प. कुरियरचा खोका, दुधाची पिशवी, शाम्पूचं पाऊच, नव्या शर्टाच्या लेबलला अडकवलेला तो पारदर्शक प्लास्टिकचा दोरा, आणि सगळ्यात वैताग म्हणजे पोरीची खेळणी, ती पुठ्ठ्याला अशी जखडलेली असतात की जणू रात्रीतून पळून जाणार आहेत. बाहुलीच्या गळ्याला एक पट्टी, कमरेला एक, दोन्ही पायांना एकेक. यातलं काहीही सोडता येत नाही, कापावंच लागतं. म्हणजे बांधणं भरपूर चालू आहे, फक्त सोडणं म्हणून जो अर्धा भाग होता तो कुठेतरी गळून पडलाय, आणि मला हल्ली राहून राहून वाटतं की बांधणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच असते. घट्ट काय, कोणीही आवळेल.

या सगळ्या कापाकापीतला मुकुटमणी म्हणजे झिप टाय. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "टाय द्या" म्हटलं तरी दुकानदार पुडकं पुढे सरकवतो आणि "किती इंची?" एवढंच विचारतो. एका बाजूला दाते असलेली नायलॉनची पट्टी, टोकाला चौकोनी डोकं, डोक्याच्या आत एक बारीक जीभ. पट्टी आत सारली की जीभ एकेक दात सोडत पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. करकर आवाज येतो आणि काम संपलं. डोकं लावायचं नाही, कुठला पदर वर कुठला खाली बघायचं नाही. ही चीज निघाली मात्र विमानाच्या कारखान्यातून. १९५६ मध्ये थॉमस अँड बेट्स नावाच्या अमेरिकन कंपनीचा मॉरस लोगन हा माणूस बोइंगच्या कारखान्यात गेला होता, तिथे विमानात जाणाऱ्या हजारो फूट वायरी कामगार मेण लावलेल्या दोरीने हाताने बांधत होते, थोड्या थोड्या अंतरावर एक गाठ, प्रत्येक गाठ बोटांनी ओढून घट्ट करायची, आणि त्या दोरीने लोकांची बोटं कापायची, घट्टे पडायचे. लोगनला वाटलं याला काहीतरी सोपा उपाय पाहिजे. दोनेक वर्षं खटपट करून १९५८ साली त्याने झिप टाय काढला. तेव्हा आतली जीभ धातूची असायची, पूर्ण नायलॉनचा नंतर आला.

म्हणजे ज्याने काढला त्याने कामगारांच्या बोटांचा विचार करून काढला, त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण विमानातून निघून तो जगात जिथे तिथे पोचला. कुंपणाच्या जाळीला, स्कूटरच्या नंबर प्लेटला, पोलिसांकडे बेड्या म्हणून, आणि आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सला. फ्लेक्स उतरवला जातो, टाय तसाच खांबाला राहतो. आमच्या चौकातल्या विजेच्या खांबाला इतके जुने टाय आहेत की गेल्या काही वर्षांत कोणाकोणाला शुभेच्छा दिल्या गेल्या त्याचा हिशोब लागावा.

गंमत अशी की जिथे चूक अजिबात परवडत नाही तिथे जुनी दोरीच अजून आहे. नासाच्या वायरिंगच्या स्टँडर्डमध्ये दोऱ्याने वायरी कशा बांधायच्या, कुठली गाठ मारायची, ते आजही आकृत्या काढून दिलेलं आहे. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचे फोटो मोठे करून बघा, वायरींच्या जुडग्यांवर ओळीने गाठी दिसतील. दोऱ्याची गाठ वायरीवर सपाट बसते, झिप टायच्या डोक्यासारखा कंगोरा कुठे लागत नाही आणि वजनही नगण्य. कुठल्यातरी लॅबमध्ये बसून कोणीतरी बोटांनी मारलेली ती गाठ मंगळाच्या धुळीत फिरतेय, हे मला त्या रोव्हरच्या बाकी कर्तबगारीपेक्षा जास्त आवडतं.

मी स्वतः नेटवर्कच्या कामात आहे. आमच्याकडे रॅकमध्ये, म्हणजे नेटवर्कची यंत्रं आणि केबली बसवायच्या लोखंडी कपाटात, झिप टाय वापरलेला दिसला की सिनियर लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण साधं आहे. नेटवर्कच्या केबलच्या आत तारांच्या जोड्या एका ठरावीक पिळाने गुंफलेल्या असतात, त्या पिळावरच सिग्नलची शुद्धता अवलंबून असते, आणि टाय करकचून आवळला की केबल चेपते आणि तो पिळ बिघडतो. शिवाय उद्या एक केबल काढायची झाली, एक वाढवायची झाली, की आला कटर, आणि कटरच्या टोकाला शेजारची चालू केबल लागली की मग रात्रीचे फोन. म्हणून तिथे वेल्क्रोच्या पट्ट्या. उघडा, बंद करा, पाहिजे तेवढ्या वेळा. वेल्क्रोसुद्धा कुणी ऑफिसात बसून शोधलेला नाही, १९४१ साली स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज द मेस्ट्रल नावाचा इंजिनियर कुत्र्याला घेऊन डोंगरात गेला होता, परत आल्यावर कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या पँटला चिकटलेले काटेरी बोंडं काढता काढता त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा त्याला बारीक बारीक आकडे दिसले. बांधावरून चालत आलं की आपल्या पँटला गोखरू चिकटतात की नाही, तोच प्रकार. आपण शिव्या देत उपटून टाकतो, त्याने त्याचं पेटंट घेतलं.

हे झालं आत्ताचं. माझ्या लहानपणी गावात वाण्याच्या दुकानात जे बांधकाम चालायचं ते मी तासन् तास बघू शकलो असतो, आई दंडाला धरून ओढायची म्हणून निघावं लागायचं. छताला एक गंजका पत्र्याचा डबा टांगलेला, त्यात दोऱ्याचं रीळ, डब्याच्या बुडाला भोक आणि त्यातून दोरा खाली लोंबतोय. वाणी तराजूतून साखर कागदावर ओतणार, कागद बहुतेक कुणाच्यातरी वहीचा किंवा जुना पेपर, चारी बाजू दुमडून पुडा करणार, डाव्या हाताने पुडा धरून उजव्याने वरून दोरा ओढणार, एक वेढा आडवा, पुडा उलटा, खाली दोऱ्याला दोरा अडकवून एक वेढा उभा, वर सुरगाठ, आणि मग माझा आवडता क्षण. दोरा तोडायला कात्री नाही, दात नाही. तर्जनीभोवती दोरा असा गुंडाळायचा की तो स्वतःलाच ओलांडून जाईल, आणि एक हिसका. दोऱ्यानेच दोरा कापला जायचा. बोटाला काही होत नसे. हे सगळं गिऱ्हाईकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारत, पुड्याकडे न बघता.

घरी आल्यावर आई लोंबतं टोक धरून अलगद ओढायची, सुरगाठ असल्यामुळे अख्खा दोरा एका झटक्यात मोकळा. तो दोरा काडेपेटीच्या रिकाम्या खोक्याला गुंडाळून ठेवायचा, कागद डब्याच्या तळाशी अंथरायचा. पर्यावरण वगैरे शब्द तेव्हा घरात नव्हता. दोरा फुकट आला होता आणि परत लागणार होता, एवढंच. एखादा वाणी घाईत निरगाठ मारायचा तेव्हा आईची चिडचिड व्हायची, "काय घोड्याला बांधलंय का काय!" पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, वाण्याचा तो डबा कधी उतरला हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा मला उगाच वाटलं होतं की आता परत पुडे दिसतील. कसलं काय. पुडा बांधता येणारे हातच काउंटरमागे राहिले नव्हते, कापडाच्या नावाखाली दुसऱ्याच कसल्यातरी पातळ पिशव्या आल्या.

आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूचं, शेती. घरात बैलजोडी होती तोवर दोर हा प्रकार किती जातींचा असतो ते न शिकवता कळत गेलं. गोठ्यात जनावर बांधायचं ते दावं. हाकताना हातात धरायचा तो कासरा. नाकातली वेसण, तोंडावरची म्होरकी, जुवाला बैल जुंपायची जुपणी, गाडीवरचा कडबा आवळायचं ते चऱ्हाट, विहिरीवरचा सोल. प्रत्येकाची जाडी वेगळी, पीळ वेगळा, आणि गाठसुद्धा वेगळी. दाव्याची गाठ मला आप्पांनी दाखवली होती. खुंट्याभोवती वेढा, दाव्याखालून टोक आणायचं, पण शेवटी टोक सगळं आरपार ओढायचं नाही, दुमडून त्याचा कान तेवढा आत सारायचा. बैलाने कितीही ओढ दिली तरी ताण त्याच्या बाजूने येतो आणि गाठ बसत जाते, आपण टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. असं का, तर रात्री जनावराने पायात दावं गुंतवून घेतलं, गळ्याला फास बसायला लागला, किंवा गंजीला आग लागली, तर अंधारात विळा शोधत बसायला वेळ नसतो. बांधतानाच सोडायची सोय करून ठेवायची.

हे दोर यायचे कुठून? अंबाडी नाहीतर घायपात. अंबाडी शेतात दुसऱ्या पिकाच्या कडेने एखाद-दुसरी ओळ लावलेली असायची, कोवळी असताना भाजीला, आणि वाढून फुलावर आली की कापून पेंढ्या बांधून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली बुडवायच्या. दोनेक आठवडे कुजत पडल्या की असा काही वास सुटायचा की त्या बाजूने कोणी जायचं नाही. मग साल सुटून यायची, ती धुवून आपटून वाळवली की पांढरट पिवळा वाख. घायपाताची पात ठेचून धुवायची, तिचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, हात सोलून निघतात. वाखाचा दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने लाकडी फिरकी गरागरा फिरवायची, दुसऱ्याने काखेत वाख धरून बोटांनी तो पुरवत उलटं मागे मागे सरकायचं, की पेड तयार होत जातो. असे तीन पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेने पिळायचे. दोराची सगळी ताकद या उलट्या पिळात आहे. पेड उलगडायला बघतो तसा तीन पेडांचा पीळ आणखी आवळला जातो, दोन्ही एकमेकांना अडवून धरतात. डिंक नाही, खिळा नाही. वीतभरापेक्षा लांब नसलेले धागेसुद्धा असतात त्यात, तरी त्यातून कितीही लांबीचा दोर होतो.

आमच्याकडे बेंदूर, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पोळा, त्या सणाला बैलाचा सगळा साज नवा लागायचा. कासरे, म्होरक्या, वेसणी, गोंडे. आणि हे सगळं वळून आणून द्यायचे मांगवाड्यातले कारागीर. बदल्यात सुगीला बलुतं, म्हणजे धान्य, तेही बऱ्याचदा खळ्यावर उरलंसुरलं. अख्ख्या गावची शेती ज्यांच्या दोरांवर बांधलेली होती त्यांची घरं वेशीबाहेर होती, आणि दोर हातातून हातात न देता खाली ठेवला जायचा, हेही त्याच सणाचा भाग होतं. जुन्या कारागिरीबद्दल हळहळत लिहिणारे आपण लोक हे वाक्य गाळून टाकतो. त्या घरांतली पुढची पिढी शिकली, नोकऱ्यांना लागली, फिरकी माळ्यावर गेली, आणि ते चांगलंच झालं.

मागे गावी गेलो असताना मी आप्पांपुढे हाच सगळा अंबाडी-पुराण लावला होता. ते गाईला नायलॉनच्या दोराने बांधत होते. म्हणाले, "तुला काय जातंय बोलायला! पावसात भिजलेलं वाखाचं दावं सोडून बघ एकदा, फुगून दगड हुतंय. दोन पावसाळ्यात कुजतंय. ह्यो दोर धा वर्षं हाय माझ्याकडं." मुद्दा बिनतोड होता. पण मग स्वतःच म्हणाले की नायलॉनला एक गाठ जास्त मारावी लागते, गुळगुळीत असल्यामुळे सरकतो. आणि वेसण काही नायलॉनची घालायची नाही, नाक कापतं. तीस वर्षं बैल हाकलेल्या माणसाचं मत हे असं असतं, दोन्हीकडून खरं. मी गप्प बसलो.

बरं, सगळंच बांधलेलं सोडून परत वापरायचं असतं असंही नाही. ऊसतोडीचं बघा. थंडीत आमच्या भागात बीड, नगरकडच्या टोळ्या येतात, नवराबायको मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाची मोळी बांधायला दोर विकत कोण आणणार, आणि आणला तरी तो कारखान्याच्या गव्हाणीत जाणार. म्हणून त्याच उसाच्या शेंड्याची हिरवी वाढी घ्यायची, दोन जुड्या टोकाला टोक पिळून जोडायच्या, त्यावर ऊस रचायचा, गुडघा देऊन आवळायचं आणि टोकं एकमेकांत पिळून आत खोचून टाकायची. गाठ म्हणावी अशी गाठच नाही, नुसता पीळ आणि खोचणं. ती मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते, फळी दर पावलाला वाकत असते, आणि मोळी सुटली तर काय होईल ते सांगायला नको. कारखान्यापर्यंत टिकायचं, पुढे नाही टिकलं तरी चालतं, इतका नेमका हिशोब त्या पिळात असतो. याला मी इंजिनियरिंग म्हणतो. आमच्या ऑफिसातल्या पुष्कळ गोष्टींना म्हणत नाही.

पीळ असो की गाठ, धरून ठेवतं ते शेवटी घर्षण. गेटवेहून मांडव्याला लाँचने गेला असाल तर धक्क्याला लागताना खलाशी काय करतो ते आठवा. जाडजूड दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोन-तीन वेढे मारतो आणि टोक एका हातात धरून निवांत उभा राहतो, पलीकडे अख्खी बोट लाटांवर हिसके देतेय. मला लहानपणी तो माणूस प्रचंड ताकदवान वाटायचा. खरं म्हणजे ताकद वेढ्यांची असते. याचं गणित अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने मांडलं. दोर आणि खुंट यांच्यातला घर्षणांक, म्हणजे घर्षण किती आहे याचं माप, ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने तुमची पकड साधारण साडेसहा पट होते. दोन वेढ्यांनी ४३ पट. तीन वेढ्यांनी जवळजवळ २८५ पट. म्हणजे दहा किलोच्या जोराने धरलेला दोर पावणेतीन टनांच्या वर ओढ सहन करतो. आणि सोडताना? टोक ढिलं करायचं, वेढे आपोआप मोकळे. गाठ मारलीच नव्हती. बोटीवरची माणसं म्हणूनच जिथे वेढ्यावर भागतं तिथे गाठ मारत नाहीत, आणि मारलीच तर ओल्या दोराची सुद्धा सुटेल अशी मारतात, कारण समुद्रात अडकलेली गाठ सुटलेल्या गाठीइतकीच जीवावर बेतते.

आता सुटू नये तेव्हा सुटणाऱ्या गाठीबद्दल. बुटाची लेस. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातल्या तिघांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिला. ट्रेडमिलवर माणूस पळवला आणि हाय स्पीड कॅमेरा त्याच्या बुटावर लावला. दिसलं असं की टाच जमिनीवर आपटते तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ सात पट धक्का बसतो, त्याने मधली गाठ ताणून ढिली पडते, आणि पाय हवेत झुलतो तेव्हा लेसची मोकळी टोकं फटकारा देऊन गाठ ओढत राहतात, जणू अदृश्य बोटं. बराच वेळ काहीच होत नाही आणि एकदा का सुरुवात झाली की दोन-तीन पावलांत खेळ खलास. लेस सुटताना आपल्याला कधीच कळत नाही, कायम सुटलेलीच कळते, ते यामुळे.

पण त्या निबंधातली कामाची गोष्ट पुढे आहे. लेस बांधायच्या दोन पद्धती आहेत आणि आपल्यातले बरेच लोक नकळत चुकीची वापरतात. पहिल्या अढीत डावा पदर उजव्यावरून घेतला असेल तर वरच्या फुलाच्या वेळी उजवा डाव्यावरून यायला पाहिजे. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतला तर गाठ पिळली जाते आणि लवकर सुटते. ओळखायचं कसं? बुटाकडे बघा. फुलाचे दोन कान बुटावर आडवे पडलेत, एक डावीकडे एक उजवीकडे, तर ठीक. कान उभे, एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे तोंड करून असतील, तर तुमची गाठ वाकडी आहे आणि ती आयुष्यभर तुम्हाला रस्त्यात वाकायला लावणार. उपाय एकच, दुसरा वेढा उलट्या बाजूने घ्यायचा. प्रथमोपचारात झोळीची पट्टी बांधायलाही हीच सरळ गाठ शिकवतात, कारण ती सपाट बसते, रुतत नाही आणि नंतर पेशंटला न हलवता सोडता येते. मी पोरीला शिकवायला घेतलं तर तिच्या शाळेच्या बुटांना वेल्क्रो आहे, त्यामुळे तिला यात शून्य रस. पायजम्याच्या नाडीवर प्रात्यक्षिक दाखवलं, तर ती हसत हसत आजीकडे सांगायला पळाली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. नौदलाचं कौंडिण्य नावाचं जहाज. शिवलेलं जहाज. म्हणजे फळ्यांना फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने टाके घालून शिवल्यात. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे, त्यावरून हे बेतलं. नकाशा नाही, मापं नाहीत, फक्त ते चित्र. गोव्यात केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, फळ्या वाफेवर वाकवल्या, कडेने भोकं पाडली, दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या काथ्याची गादी ठेवली आणि वरून आतून-बाहेरून दोरी ओवत आवळत नेली. राळ आणि तेलाने भोकं बुजवली. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलंसुद्धा, शिडांवर.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हौसेचा मामला असणार. खिळे असताना शिवायचं कशाला? मार्को पोलोलाही हेच वाटलं होतं, इराणच्या किनाऱ्यावरच्या होर्मुझ बंदरात नारळाच्या दोऱ्याने शिवलेली जहाजं बघून त्याने नाक मुरडलं, अशा बोटीत बसणं म्हणजे धोका असं लिहून ठेवलं. भोजराजाच्या नावावर असलेल्या एका संस्कृत ग्रंथात तर समुद्रातले लोहचुंबकाचे खडक खिळे ओढून घेतात म्हणून लोखंड वापरू नका असं दिलंय, ते सोडून द्या. खरं कारण काथ्यात आहे. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने कुजत ठेवून तो काढतात, आणि खाऱ्या पाण्याने त्याचं फारसं वाकडं होत नाही, उलट लोखंडाचा खिळा त्याच पाण्यात गंजतो आणि भोवतीचं लाकूडही खातो. आणि दुसरं म्हणजे शिवलेली बोट लवते. लाट आदळली, वाळूवर बूड घासलं, तर फळ्या टाक्यांत जराशा हलतात आणि धक्का वाटला जातो, खिळ्याशी सगळा जोर एका जागी येऊन फळी चिरते. एखादी फळी खराब झाली तर तेवढे टाके उसवायचे, नवी बसवायची, परत शिवायचं. अशा बोटी घेऊन लोक अरबी समुद्रातून शेकडो वर्षं ये-जा करत होते. मार्को पोलो त्यांना नावं ठेवून पुढचा रस्ता जमिनीवरून गेला, एवढंच.

सोडण्यावरून एक समारंभच आठवला, आमच्या मावसभावाच्या लग्नातला. हळदीच्या दिवशी नवरानवरीच्या मनगटाला हळकुंड बांधलेलं काकण असतं ना, ते लग्न लागून घरी आल्यावर एकमेकांनी सोडायचं, आणि तेही एका हाताने. बांधणाऱ्या बायका हे लक्षात ठेवूनच बांधतात. त्यात करवल्यांनी आधीच दोऱ्यावर हळदीचं पाणी सोडून गाठ अशी बसवलेली असते की सुई घातली तरी सरकू नये. भाऊ सिव्हिल इंजिनियर, एका हाताने नखाने कुरतडतोय, घाम फुटलाय, भोवती पन्नास बायका हसतायत, कोणीतरी उखाण्याची फर्माईश सोडतंय. वहिनीने त्याचं काकण केव्हाच सोडून मांडीवर ठेवलं होतं. शेवटी मावशीला दया आली, म्हणाली, "आरं वढू नगंस, जितकं वढशील तितकं बसंल. ते बारकं टोक हाय नव्हं, ते उलटं आत सार." त्याने टोक अंगठ्याने गाठीत मागे ढकललं, गाठीला जरा फट पडली, नख आत गेलं, सुटलं. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी पोरांनी फटाका पण लावला. आणि तेवढ्यात फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून म्हणाला, "सॉरी दादा, मधे काकू आल्या, परत एकदा घ्यावं लागेल." दोरा अख्खा होता, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. करवल्यांनी परत बांधलं, या वेळी पहिल्यापेक्षा घट्ट.